जात्याला सांगितलेली गोष्ट

तात्याबा मेंढक्यानं आपल्या बायकोला सांगलीत आणून सोडलं तेव्हा तिला एकच शब्द दिला होता. पाऊस पडू दे, चार मेंढरं पुन्हा दारात येऊ देत, मग बिरोबाच्या जत्रेनंतर मी तुला न्यायला येतो. हरणाबाई त्या शब्दावर राहिली. मागे बिरूवाडीत तिची सुली होती, सासूजवळ. दुधाचे दात पडायला लागलेली पोर. तिला बरोबर आणायचं हरणाबाईच्या फार मनात होतं, पण ज्या घरी कामाला राहायचं त्यांनी आधीच बजावलं होतं की बाई पाहिजे, लेंढार नको.

घर म्हणजे विश्रामबागेत कॉलेजच्या पलीकडचा बंगला. मालक मानसिंगराव. त्यांचा ऊस कृष्णाकाठी, भाऊ पलटणीत, आणि स्वतः ते व्हरांड्यात. घर चालायचं त्यांच्या पत्नीच्या, विजयमालाबाईंच्या बोटावर. बाई काही मारझोड करणाऱ्यातल्या नव्हत्या. पोटभर जेवू घालत, सणाला लुगडं देत. फक्त त्यांना करमणूक लागायची, आणि लढाई संपली त्या वर्षी सांगलीत करमणूक तशी महागच होती. हरणाबाई आयती घरात आली होती.

पूर्वेकडच्या माळावरची ती बाई. तिचं बोलणं निराळं, लुगडं नेसणं निराळं, नळाला हात जोडणं तर सगळ्यांत निराळं. घरी पाहुणे आले की विजयमालाबाई तिला दिवाणखान्याच्या उंबऱ्याशी उभी करत आणि विचारत, "हरणे, मिरजेच्या ठेसनात इंजिन बघून काय केलंस गं?" मग हरणाबाईनं सांगायचं, "पाया पडले, वैनीसाब." पाहुणे पोट धरून हसत. हरणाबाईलाही पहिल्या पहिल्यांदा हसू यायचं. आपल्यामुळे चार माणसं हसतात यात वाईट काय, असं त्या भाबडीला वाटायचं. पुढे पुढे तिला ते नकोसं व्हायला लागलं, पण सांगणं काही चुकलं नाही.

त्या घरात तिचं म्हणून एकच ठिकाण होतं, ते मागच्या पडवीतलं जातं. मानसिंगरावांना गिरणीचं पीठ चालत नसे, त्यामुळे पहाटे दळण पडायचं. आणि दळायला बसलं की हरणाबाई गायची. बिरूवाडीच्या बायकांची एक समजूत होती. जात्याला काय वाटेल ते सांगावं, ते माघारी येत नाही. पण खरं सांगावं, आणि नावानिशी सांगावं. नाव न घेता गायलेली ओवी जात्याला पोचतच नाही म्हणे. एरवी जीव गेला तरी नवऱ्याचं नाव तोंडावाटे न काढणाऱ्या त्या बायका जात्यापुढं बसल्या की नवऱ्याचं, दिराचं, गावाचं, सगळ्यांची नावं घेऊन मोकळ्या होत. बिरूवाडीत एका जात्याचं दुसरं जातं ऐकत नसे, आणि ऐकलं तरी कुणी बोलून दाखवत नसे. ती रीतच होती.

हरणाबाईला जात्याला सांगण्यासारखं मोठं काहीतरी होतं. दुष्काळात सुली तापानं फणफणली. घरात दाणा नव्हता, मेंढरं एकेक करून मेली होती. उरला होता एक मेंढा, तोही आपला नव्हे, देवाचा. बिरोबाला सोडलेला. जत्रेत भंडारा लावून पालखीपुढं त्याला चालवायचा मान तात्याबाच्या घराण्याकडे होता. तात्याबानं तो मेंढा एका भल्या सकाळी परगावच्या खाटकाला विकला, पोतंभर जोंधळा आणला, आणि गावात सांगितलं, लांडग्यानं नेला. सुली जगली. ही गोष्ट नवरा-बायकोखेरीज कुणालाही ठाऊक नव्हती, अगदी सासूलासुद्धा नाही. ठाऊक झाली असती तर भावकीनं घर वाळीत टाकलं असतं, आणि वाळीत टाकलेल्या घरच्या पोरीला पुढं कोण पदरात घेणार?

हरणाबाईच्या मनावर त्याचं लय ओझं होतं. परक्या गावात, आपल्याला कुत्रंसुद्धा ओळखत नाही अशा ठिकाणी, तिनं ते जात्यापुढं उतरवलं.

*बिरूवाडीचा तात्याबा, गुणी मेंढका रानाचा*
*खाटकाच्या दारी नेला, त्यानं मेंढा गं देवाचा*
*लांडग्यावरी आळ गेला, लांडगा तो बिनघोर*
*सुलाबाईच्या घासापायी, माझा कंथ झाला चोर*

गळा तिचा कसा होता म्हणाल तर गोड नव्हे, पण लागणारा. रोज गाऊन तिला जरा हलकं वाटायचं. हलकं वाटण्यासारखी चैन गरिबानं करू नये, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

विजयमालाबाईंचे मावसभाऊ नानासो म्हणून होते. ते कोल्हापूरच्या एका बोलपट कंपनीत पदं लिहायचे, गोष्टी जुळवायचे. गोरेगोमटे, अंगाला अत्तर, मनानं तसे वाईट नव्हेत. एकदा मुक्कामाला आले असताना पहाटे त्यांना जाग आली आणि पडवीतलं गाणं कानावर पडलं. सकाळी चहा घेताना त्यांनी जाहीर केलं की आपल्याला पुढच्या बोलपटाची गोष्ट सापडली. माळावरची अडाणी बाई शहरात कामाला येते, इंजिनाच्या पाया पडते, नळाला घाबरते, आणि गाते. भरपूर गाते. विजयमालाबाईंना तर आकाश ठेंगणं झालं. आपल्या मोलकरणीवर बोलपट निघणार, हे त्यांनी दुपारपर्यंत निम्म्या विश्रामबागेत पोचवलं.

नानासोंनी हरणाबाईला बोलावून ते गाणं पुन्हा म्हणायला लावलं. ती लाजली, मग घाबरली, मग विजयमालाबाईंनी डोळे वटारल्यावर गायली. गाणं संपल्यावर नानासोंनी नीट विचारलं, आणि हे त्यांच्या बाजूनं सांगितलंच पाहिजे, की बाई, हा तात्याबा कोण? अशी काही गोष्ट खरी घडली आहे का? असली तर सांग, आपण नाव बदलू.

खरं आहे म्हणावं तर देवाची चोरी चारचौघांत कबूल केल्यासारखं होणार. हरणाबाईनं मान खाली घातली.

"न्हाई जी. नुसतं गानं हाय त्ये. कुनी बी न्हाई तात्याबा."

मग तर फारच छान, नानासो म्हणाले. नाव तालात चपखल बसतंय, असंच ठेवू. आणि त्यांनी खूश होऊन तिला एक आरसा बक्षीस दिला.

पुढं कंपनीची नायिकासुद्धा येऊन गेली, हरणाबाईसारखं चालायला, बोलायला आणि दळायला शिकायला. दळताना तिच्या हाताला लगेच फोड आले, तेव्हा दळायचं राहिलं आणि बोलणं तेवढं ती शिकून गेली. हरणाबाईला वाटलं, झालं ते संपलं. तिकडे पाऊस बरा झाल्याचा निरोप कुणाकुणाकडून येत होता. तात्याबानं म्हणे चार मेंढरं केली होती. जत्रा जवळ आली की आपण सुटलो, एवढंच तिच्या डोक्यात. सुलीसाठी तिनं चिंधीची बाहुली शिवून ठेवली.

बोलपट सांगलीच्या थेटरात लागला तेव्हा विजयमालाबाई हरणाबाईला मुद्दाम बरोबर घेऊन गेल्या. तिला खुर्चीशेजारी खाली बसवलं, म्हणजे मैत्रिणींना पडद्यावरची आणि खालची, दोघीही बघता याव्यात. दिवे गेले. पडद्यावर नायिका तिच्यासारखं लुगडं नेसून, तिच्यासारखं बोलून, इंजिनाला लोटांगण घालत होती आणि अख्खं थेटर हसत होतं. हरणाबाईनं तेही गिळलं. मग ते गाणं आलं. जात्यावर नायिका डोळे मिचकावत होती, शेंदूर फासलेला एक मेंढा मागं उड्या मारत होता, आणि मोठ्या ढोलकीवर, स्पष्ट, खणखणीत, नावानिशी: बिरूवाडीचा तात्याबा. लोकांनी शिट्ट्या मारल्या. पुढच्या रांगेतल्या एका पोरानं तर लगेच ते म्हणायलाही सुरुवात केली.

हे गाणं आता हिंडणार, हे त्या अडाणी बाईला त्या थेटरातल्या सगळ्या शहाण्यांच्या आधी कळलं. तिनं जत्रांत सिनेमाचे तंबू पाहिले होते. तंबूवर कर्णा लावून दिवसभर गाणी वाजवतात, तिकीट काढणारा ऐकतो आणि न काढणाराही ऐकतो.

घरी आल्यावर तिनं विजयमालाबाईंचे पाय धरले. तेवढं नाव काढायला सांगा, वैनीसाब. विजयमालाबाईंना मौज वाटली. तूच तर म्हणालीस ना, नुसतं गाणं आहे? मग एवढं रडायला काय झालं? हरणाबाईनं बराच वेळ दम धरला. पण नाव निघायचं तर कारण सांगणं भाग होतं. शेवटी तिनं सगळं सांगून टाकलं, मेंढा, खाटीक, जोंधळा, सुलीचा ताप. आणि कुठं बोलू नका म्हणून पदर पसरला. विजयमालाबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांचे डोळेसुद्धा ओले झाले होते. मी बघते काय करायचं ते, असं म्हणाल्या, आणि हरणाबाईला त्या बाईविषयी आजवर मनात आणलेल्या वाईटसाईटाची लाज वाटली.

रविवारी नानासो जेवायला आले. हरणाबाई भाकरी वाढत होती. विजयमालाबाईंनी पहिला घास घेण्याआधीच सुरुवात केली, आणि काय रंगवून सांगितली त्यांनी ती गोष्ट! हरणाबाईच्या रडण्याची नक्कलसुद्धा केली, "कुटं बोलू नगासा," अगदी पदर पसरून. मानसिंगरावांना ठसका लागला. नानासो मात्र हसले नाहीत. त्यांनी भाकरी खाली ठेवली आणि मेहुण्याला म्हणाले, "अहो, ही गोष्ट खरी आहे हे आधी कळलं असतं तर जाहिरातीत घातलं असतं. अजूनही उशीर नाही झालेला."

हरणाबाई भाकरीचं ताट घेऊन तशीच उभी होती. तिनं सगळा धीर एकवटून विचारलं, नाव काडता येत न्हाई का जी? नानासोंनी तिला समजावून सांगितलं, अगदी सौम्यपणे, की ते काय पाटीवर खडूनं लिहिलेलं नाही पुसायला. बोलपटाची पट्टी तयार झाली, गावोगाव गेली. आणि घाबरतेस कशाला, तुझ्या नवऱ्याचं नाव आता घरोघर होईल.

जत्रेआधी गावी जाऊन यावं असं तिच्या फार मनात आलं. निदान तात्याबाला सावध करता आलं असतं. तिनं रजा मागितली. विजयमालाबाई म्हणाल्या, आत्ता घरात माणसांचा राबता आहे, सगळे तुला बघायला येतायत, आणि तू निघालीस? जत्रेनंतर नवरा येणारच आहे ना, मग जा कायमची. हरणाबाईनं बिरोबाला साकडं घातलं की तंबू दुसऱ्या कुठल्या तरी गावी जाऊ दे. ज्याचा मेंढा विकून खाल्ला त्याच्याकडेच गाऱ्हाणं नेताना तिला शरम वाटली, पण दुसरा देव तिला माहीत नव्हता.

जत्रा झाली आणि शब्द दिल्याप्रमाणे तात्याबा आला. दुपारची वेळ होती. हरणाबाईनं मागच्या दारातून त्याला पाहिलं आणि गाठोडं उचलायला आत वळली. मग तिला दिसलं की तो एकटा नाही. बरोबर भावकीतले दोन वडीलधारे होते, कोंडीबा आणि अर्जुना. कोंडीबाच्या कमरेला भंडाऱ्याची पिशवी होती. तिनं गाठोडं परत खाली ठेवलं.

तिघं धुण्याच्या दगडापाशी लिंबाखाली बसले. कोणी पाणी मागितलं नाही. काय घडलं ते अर्जुनानं सांगितलं. तंबू आला. कर्ण्यावर सकाळपासून तेच गाणं. आधी लोक हसले, म्हणाले, दुसरी कुठली तरी बिरूवाडी असेल. मग तंबूवाला ओरडायला लागला, बिरूवाडीच्या तात्याबाची खरी घडलेली कहाणी, मूळ बाईच्या तोंडून ऐकलेली. पालखी निघायची होती. सगळी जत्रा वळून तात्याबाकडे बघायला लागली. तात्याबानं तिथल्या तिथं भंडारा उचलून शपथ घेतली की मेंढा लांडग्यानंच नेला. पण पंचांचं समाधान झालं नाही.

कोंडीबा तिच्याशी शांतपणे बोलला.

"बाई, खरं असंल तर ह्याचं घर वाळीत. पानी बंद, विस्तू बंद, पोरीला सोयरीक न्हाई. खोटं असंल तर ह्यो सुटला. पन मग देवाच्या मेंढ्यावर आन नवऱ्यावर कुभांड रचनारी बाई आमाला वाडीत नगं. आता तूच सांग, भंडारा उचलून."

हरणाबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. तिला वाटलं, आता हा बोलेल. आता म्हणेल, मीच नेला, पोरगी मरत होती म्हणून नेला. क्षणभर तिला अगदी खात्री वाटली, कारण माणूस भला होता, दुष्काळात स्वतः उपाशी राहून त्यानं तिला आणि पोरीला घातलं होतं. तात्याबा पटक्याचा सोगा बोटाला गुंडाळत बसला होता. गुंडाळायचा, सोडायचा, पुन्हा गुंडाळायचा. त्यानं एकदा खोटा भंडारा उचलला होता. दुसऱ्यांदा तोंड उघडायचं बळ त्याच्यात उरलं नव्हतं. त्याचा तिला राग आला, आणि रागाच्या पाठोपाठ सुली आठवली.

तिनं पिशवीत हात घातला. पिवळी मूठ कपाळाला लावली.

"खोटं हाय. लांडग्यानंच न्हेला. दळताना तोंडाला आलं, म्हनलं."

"आन त्या लोकास्नी खरं हाय म्हनून कुनी सांगितलं?"

"मीच. बक्षिसीसाठी सांगितलं."

अर्जुना खाली थुंकला. कोंडीबानं लिंबाची वाळकी काडी उचलून तात्याबाच्या हातात दिली. तात्याबानं ती मोडली. पहिल्यांदा मोडेना, नुसती वाकली, मग दोन्ही हातांनी मोडली. दोघं म्हातारे उठून रस्त्याला लागले. तात्याबा जरा मागं रेंगाळला. त्याला काहीतरी बोलायचं होतं, पण ते कोणत्या तोंडानं बोलावं हे सुचत नसावं. हरणाबाईनंच विचारलं.

"सुलीला काय सांगनार?"

"सांगितलंय," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "जत्रेतच सांगितलं आयेनं. तुजी आय वारली म्हनून."

म्हणजे ते सगळं घरून ठरवूनच निघाले होते.

"कशानं वारली म्हनून सांगितलं?"

"पटकीनं."

"रडली का?"

तात्याबानं मान डोलावली, आणि तो वळला. हरणाबाईनं आतून चिंधीची बाहुली आणली, पण तोवर तो फाटकाबाहेर गेला होता, आणि मेलेल्या आईनं बाहुली कशी काय पाठवली, असं पोरीनं विचारलं तर त्याची पंचाईत झाली असती. तिनं हाक मारली नाही.

व्हरांड्यातून विजयमालाबाईंनी पाहिलं होतं. त्या मागं आल्या आणि त्यांनी चौकशी केली की कोण होती गं ती माणसं, तुझा नवरा होता ना त्यात? मग तू गेली नाहीस?

"न्हाई, वैनीसाब. सांगावा घेऊन आलीवती. घरातली एक बाई वारली."

"अगंबाई. जवळची होती?"

"व्हय. लय जवळची."

विजयमालाबाई दोन पावलं मागं सरकल्या. अशा गोष्टी त्या फार कटाक्षानं पाळायच्या. "मग तशीच स्वयंपाकघरात शिरू नकोस हं," त्या म्हणाल्या. "आधी डोक्यावरून आंघोळ कर, आणि मगच कशाला शिव. बरं झालं पण तू राहिलीस ते. संध्याकाळी नानासो मुंबईची माणसं घेऊन येतायत तुला बघायला."

हरणाबाईनं विहिरीवरून घागर आणली. धुण्याच्या दगडावर बसून, लुगड्यासकट, डोक्यावरून पाणी ओतून घेतलं, आणि स्वतःच्या नावानं आंघोळ केली. कपाळावरचा भंडारा ओघळून दगडावर पिवळा ओहोळ गेला, तोही तिनं नीट धुऊन काढला. मग कोरडं नेसून ती दळायला बसली, कारण पाहुण्यांसाठी पीठ लागणार होतं.